महापालिकेचा वकील नेमका कोणाचा?

(एका महानगरपालिकेच्या विधी विभागात २७ वर्षं काढून मुख्य विधी अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या लेखिका या अंकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : रस्तारुंदीत आमच्या घराचं अंगण जातंय. आम्ही कोर्टात गेलो, तर पालिकेचा वकील आमच्याविरुद्ध तावातावाने बोलतो. त्याची फी आमच्याच करातून जाते ना? मग हा कुठला न्याय? – एक करदाता

हा प्रश्न मला कोर्टाच्या जिन्यावर विचारला गेलाय, रिक्षात विचारला गेलाय आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, हातात घास असताना. तेव्हा हसून वेळ मारून नेली होती, आता निवांत सांगते.

पालिकेच्या वकिलाचं अशील म्हणजे महानगरपालिका नावाची संस्था. तिच्या नावाने दावा लावता येतो आणि तिच्यावरही लावता येतो. आयुक्त हे अशील नव्हेत, महापौर नव्हेत, आणि तुम्हीही नव्हे. माझ्या खुर्चीसमोरून कितीतरी आयुक्त आले आणि बदलून गेले, अशील तेवढं तेच राहिलं. तुमच्या अंगणातून रस्ता जावा म्हणून वाट बघणाराही करदाताच असतो, हे तुम्हाला आज ऐकायला आवडणार नाही, तरी सांगते.

पण तुमच्याविरुद्ध उभं राहणं वेगळं आणि तुमची जागा फुकट लाटू देणं वेगळं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. विकास आराखड्यातल्या रस्त्यासाठी जागा घ्यायची, तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२६ मध्ये वाटा दिल्या आहेत : वाटाघाटीने रक्कम, एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर रीतसर भूसंपादन. तेव्हा वकिलाच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका. पालिकेला लेखी विचारा, ‘आमची जागा कोणत्या कलमाखाली घेताय आणि मोबदला कशाच्या रूपात देताय?’ हा एका ओळीचा अर्ज विधी विभागात पोचला की आमच्याकडे बऱ्याचदा धावपळ सुरू व्हायची, कारण रस्ता विभागाने तो विचारच केलेला नसायचा.

प्रश्न : मी नुकतीच एलएलबी झाले. पालिकेत विधी अधिकाऱ्याच्या जागा निघाल्या आहेत. रोज कोर्टात उभं राहायला मिळेल का? – एक विधी पदवीधर

बहुतेक नाही. पुष्कळ ठिकाणी युक्तिवाद पॅनेलवरचे, म्हणजे पालिकेने यादीवर घेतलेले बाहेरचे वकील करतात आणि विधी अधिकारी त्यांच्या मागच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसतो. काही पालिकांत नोकरीतले वकील स्वतः उभे राहतात, पण ते नेमणुकीच्या अटींवर ठरतं. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करायला बार कौन्सिलच्या नियमांची सर्वसाधारण मनाई आहे. म्हणून रुजू होण्याआधी सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं काय करायचं, हे लेखी विचारून घे. ‘बघू नंतर’वर विसंबू नकोस.

मग दिवसभर करायचं काय? बाळ, फाइल वाचायची. सकाळी कोणती प्रकरणं बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत लागलीत ते बघायचं आणि संबंधित खात्याला फोन करायचा. ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय (दाव्यातल्या एकेका परिच्छेदावर खात्याचं म्हणणं) पाठवले का?’ असं तीन वेळा विचारायचं आणि चौथ्या वेळी स्वतः त्यांच्या मजल्यावर जाऊन बसायचं. आलेले अभिप्राय म्हणजे ‘परिच्छेद ४ मधील मजकूर मान्य नाही’ असल्या ओळींची रांग असते. का मान्य नाही, ते कोणीच लिहीत नाही. ते शोधून काढणं ही तुझी नोकरी.

एक किस्सा सांगते, म्हणजे कळेल. वाढीव बांधकाम पाडायची नोटीस आणि त्यावर दावा. आमच्या बाजूने सगळं भक्कम होतं : नकाशा, फोटो, शेजाऱ्याची तक्रार. न्यायाधीशांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पंचनाम्यात लिहिलेलं, ‘घर कुलूपबंद असल्याने नोटीस दर्शनी भागी चिकटवली.’ त्याच दिवशीच्या तपासणी अहवालात आतल्या खोलीचं लांबी-रुंदीचं माप, अगदी सेंटिमीटरपर्यंत. साहेबांनी चष्मा खाली करून विचारलं, ‘कुलूप होतं, तर टेप आत कशी गेली?’ आमच्या पॅनेल वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी बीट निरीक्षकाकडे (त्या भागातल्या बांधकामांची पाहणी करणारा आमचा माणूस), आणि त्याने पंख्याकडे. ‘जैसे थे’चा हुकूम झाला आणि पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला. ज्या शेजाऱ्याचा उजेड त्या बांधकामाने अडला होता, तो दर दिवाळीनंतर माझ्याकडे यायचा. रागवायचा नाही, फक्त ‘तारीख कधी?’ विचारून जायचा. रागावला असता तर बरं झालं असतं.

दोन्ही कागद माझ्या टेबलावरून गेले होते. मी ते शेजारी ठेवून वाचले नव्हते. त्या दिवसानंतर मात्र एक सवय लावून घेतली : पंचनामा आणि अहवाल एका वेळी, एका टेबलावर, उभ्याने वाचायचे. उभ्याने अशासाठी की बसलं की डोळे सरावाने सरकत जातात.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर ही काळजी टळतच नाही. बांधकाम पाडण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस हवी. स्थानिक कायद्यातली मुदत किंवा नोटीस पोचल्यापासून १५ दिवस, यांतलं जे नंतर येईल तिथपर्यंत थांबायचं. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची, शिवाय बांधकामावर चिकटवायची. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण याला अपवाद. मला त्यातलं सर्वांत आवडलेलं कलम म्हणजे नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायचं. का, तर मागच्या तारखेची नोटीस तयार करता येऊ नये म्हणून! हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला आपली आवक-जावक नोंदवही चांगली ठाऊक असणार.

आणखी एक. खात्याच्या अभिप्रायात ‘निधीअभावी काम करता आले नाही’ असं लिहून आलं, की ते वाक्य तसंच प्रतिज्ञापत्रात उतरवू नकोस. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने उघड्या गटारांच्या प्रकरणात हीच सबब सांगितली होती. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती मोडीत काढली. पैसे नाहीत म्हणून मूलभूत स्वच्छतेचं कर्तव्य टळत नाही, असा तो निकाल. मी असल्या वाक्यावर लाल शाईने फक्त ‘रतलाम’ एवढंच लिहून फाइल परत पाठवायची. एका नव्या अभियंत्याने निरोप दिला होता, ‘मॅडम, हे काम रतलामचं नाही, आपल्याच हद्दीतलं आहे.’

प्रश्न : पालिकेवर दावा लावायचाय. आधी नोटीस द्यावीच लागते का? – एक दुकानदार

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे पालिकेने त्या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल दावा लावायचा, तर आधी लेखी नोटीस देऊन महिनाभर थांबावं लागतं, आणि दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, तिथे हेच कलम ५२७ मध्ये येतं. लोक महिन्याची अट लक्षात ठेवतात आणि सहा महिन्यांची विसरतात. मी विधी विभागात असताना तक्रार अर्ज घेऊन खेटे घालणाऱ्यांना आमची खाती गोड बोलून ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायची. त्या गोडव्यात सहा महिने कसे निघून जातात, ते मी पाहिलंय. तुमच्या प्रकरणाला हे कलम लागतं का, हे मात्र कागद घेऊन वकिलाला दाखवा.

प्रश्न : मी पालिकेतून निवृत्त झालो. वेतननिश्चितीच्या फरकाचा निकाल माझ्या बाजूने लागला, तरी पालिकेने अपील केलं. रक्कम किरकोळ आहे, त्याहून जास्त वकिलांवर खर्च होईल. विधी विभागाला हे दिसत नाही का? – एक निवृत्त लिपिक

दिसतं. दिसूनही सही होते. अशा काही अपिलांच्या प्रस्तावांवर माझीही सही आहे.

अपील केल्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. अपील केलं नाही, तर मात्र लेखापरीक्षणात आक्षेप निघतो : ‘वरिष्ठ न्यायालयात दाद न मागता रक्कम का अदा केली?’ मग खुलासा, खुलाशावर खुलासा, आणि कधीकधी निवृत्तीच्या तोंडावर अडकलेली स्वतःची पेन्शन. त्यामुळे टिपणीवर ‘अपील करणे उचित’ लिहिणं सोपं आणि सुरक्षित. ‘अपील करण्याजोगा मुद्दा नाही, रक्कम अदा करावी’ असं लिहायला कण्यापेक्षाही कारणं जास्त लागतात. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी तसं लिहायला लागले. पहिल्या टिपणीला साडेतीन पानं लागली होती, आणि ती लिहिताना हात थोडा थरथरत होता हे कबूल करते. आधीच्या वर्षांत ज्यांच्याविरुद्ध मी मुकाट सही केली, त्यांतले काही जण निकालाआधीच गेले.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगते. अपिलाला स्थगिती मिळाली आहे का, ते आधी बघा. नुसतं अपील दाखल झाल्याने निकालाची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती नसेल तर अंमलबजावणीचा अर्ज लावा. अपील मुदतीनंतरचं असेल, तर विलंबमाफीच्या अर्जाला लेखी विरोध करा. ‘फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती’ एवढंच कारण सरकारी खात्यांनाही पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली टपाल खात्याच्या प्रकरणात सांगितलं आहे. आणि आयुक्तांना एक पानी अर्ज द्या. त्यात निकालाची तारीख, फरकाची रक्कम आणि तुमचं वय, या तीन गोष्टी अगदी वर लिहा. प्रत मुख्य विधी अधिकाऱ्याला पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका. खाली बसलेल्या कोणाला तरी तेच लिहायचं असतं, फक्त त्याला फाइलवर एखादा कागद हवा असतो.