शीव कुठे लागते?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की कोथरूडहून निघून, दिवे घाट चढून, सासवड मागे टाकल्यावर आजीने ओढ्याच्या पुलाजवळ गाडी थांबवायला लावली, शेंदूर फासलेल्या एका दगडापुढे नारळ फोडला आणि "आलो बाई गावात" असे म्हणाली. तिथे घर नव्हते की पाटी नव्हती, मग तिला हे कळले कसे? "अगं, ती शीव" एवढे बोलून मी फोन ठेवला. ते उत्तर अपुरे होते, म्हणून हे पत्र.

इकडे अमेरिकेत, आयोवात आपल्या घराभोवती जी टाउनशिप आहे, तिची हद्द जमिनीवर येण्याआधी कागदावर आली. १७८५ च्या कायद्याने ठरवलेली ती मोजणी: सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन, त्यात चौरस मैलाचे ३६ तुकडे आणि प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. म्हणूनच आपले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ धावतात. (त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांना ती रेघ मारताना कोणी विचारले नाही, हेही लक्षात ठेव.)

पुरंदर तालुक्यातल्या आपल्या गावाचे तसे नाही. गाव म्हणजे घरे, असे तू धरून चाललीस आणि तिथेच गफलत झाली. जुनी माणसे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात: पांढरी आणि काळी. घरे, देऊळ, चावडी ज्या जागेवर वसली ती पांढरी, म्हणजे आजचे गावठाण; तिच्या तोंडाशी असते ती वेस. पिकाची जमीन ती काळी, आणि सगळी शेते मिळून शिवार. शिवार जिथे संपते तिथे शीव. वेशीपासून शिवेपर्यंत चांगले दोन किलोमीटर चालावे लागते, म्हणून नारळ आधी फुटला आणि घरे नंतर दिसली.

ही शीव वाकडीतिकडी आहे, कारण ती जमिनीच्या उताराप्रमाणे चालते. पूर्वेला तो ओढा, जो पुढे कऱ्हेला मिळतो. दक्षिणेला डोंगराची धार. तिच्यावर पडलेले पाणी ज्या बाजूला उतरेल त्या बाजूचे गाव. पश्चिमेला दोन गावांच्या मधून जाणारा शिवरस्ता, आणि उत्तरेला गायरानाची कड. खरेदीखतात प्रत्येक शेताची चतुःसीमा अशीच लिहितात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, आणि याप्रमाणे चारही दिशा.

साखळीने मोजणी आपल्याकडेही झाली. इंग्रजांच्या काळात १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यापासून तिला आरंभ केला. ३३ फुटी साखळीच्या चौरसाला गुंठा म्हणतात, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. पण साहेबाच्या साखळीनेही गावांच्या शिवा होत्या तशाच धरल्या, त्यांचे चौकोन केले नाहीत. आणि साखळी उचलून नेली तरी बांध तिथेच राहतो. तुझे आजोबा पेरणीआधी बांधावरून पावले टाकत जात, कारण शेजाऱ्याचा नांगर दरवर्षी वीतभर बांध कोरत असे. एकदा ते वाकून ओल्या मातीतला नांगराचा ताजा तास बोटांनी मोजत होते, ते मी पाहिले आहे. भांडले मात्र नाहीत, संध्याकाळी दोन दगड रोवून आले.

दोन गावांत शिवेवरून तंटा झाला, की पूर्वी महार वतनदाराची साक्ष फार मोलाची मानली जाई, कारण हद्दीचा खडान्‌खडा त्याला ठाऊक असे. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याचे घर मात्र याच गावाने वेशीबाहेर ठेवले होते. आजी हे तुला बहुधा सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

शीव पुण्यातही तू पाहिली आहेस, फक्त ओळखली नाहीस. मावशीच्या लग्नात आदल्या संध्याकाळी कार्यालयात झाले ते सीमांतपूजन. वऱ्हाड गावच्या शिवेवर आले, की मुलीकडच्यांनी तिथे जाऊन नवऱ्या मुलाची पूजा करून त्याला गावात आणायचे, अशी ती रीत. आता शीव कार्यालयाच्या स्टेजवर आली, आणि पुष्कळ लोक तिला सरळ "श्रीमंतपूजन" म्हणतात; आहेराची ताटे पाहता ते नावही फारसे चुकलेले नाही. दसऱ्याचे सीमोल्लंघनही याच शिवेचे: ती ओलांडून जायचे, आपट्याची पाने आणायची आणि सोने म्हणून वाटायची.

रविवारी परत निघाल की आजी पुलाजवळ पुन्हा थांबेल. तेव्हा ओढ्याच्या पलीकडच्या काठावर बघ, बाभळीखाली तसाच दुसरा दगड आहे. तो शेजारच्या गावाचा. त्यालाही शेंदूर आहे का, तेवढे मला कळव.

तुझी,
आई