वाचकांचे प्रश्न : कार्यशाळेत पाठवावे का?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे. १८ पूर्ण होताच विशेष शाळेतून त्याचे नाव कमी झाले आणि तेव्हापासून तो घरीच आहे. तासाभराच्या अंतरावर एक कार्यशाळा आहे, जिथे मुले पणत्या रंगवतात आणि कागदी पिशव्या करतात. मिळणारे मानधन एसटीच्या भाड्यातच संपेल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. शिवाय त्याला दहापर्यंतही मोजता येत नाही. त्याला पाठवावे का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, अवश्य पाठवावे, मात्र आधी कार्यशाळा नीट पाहून घ्यावी.

भाड्याची चिंता थोडी हलकी होऊ शकेल. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्याचे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, अजून काढले नसेल, तर ते काम आधी करावे.

मोजता न येणे ही अडचण मुलाची नसून काम शिकवण्याच्या पद्धतीची आहे. चांगल्या कार्यशाळेत लाकडी फळीला दहा खाचा पाडलेल्या असतात. मुलगा प्रत्येक खाचेत एक पणती ठेवतो आणि एकही खाच रिकामी उरली नाही की फळी खोक्याकडे सरकवतो. दहाचा आकडा त्याला ठाऊक नसतो, पण खोक्यात पणत्या दहाच जातात. असेच कामाचे लहान लहान टप्पे पाडून पुष्कळदा शेवटचा टप्पा आधी शिकवतात: बाकीची पिशवी शिक्षक करून देतात आणि बंद ओवण्याचे तेवढे काम मुलाकडे असते, म्हणजे पहिल्याच दिवशी पुरी झालेली पिशवी त्याच्या हातून खाली ठेवली जाते. त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मी अनेकदा पाहिले आहे आणि म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

मानधनाबद्दल मात्र संकोच न करता विचारावे. विक्रीतला वाटा मुलांना कसा मिळतो, त्याची नोंद पालकांना दाखवतात का आणि प्रशिक्षणाचा काळ कधी संपतो, हे स्पष्ट कळले पाहिजे. वर्षानुवर्षे कोणी ‘प्रशिक्षणार्थी’च राहत असेल, तर ते योग्य नव्हे. पणत्या आणि राख्या सणापुरत्या खपतात. फिनेल, फाइली, पिशव्या यांना बारा महिने गिऱ्हाईक असते. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी दानापेक्षा श्रमाला मान दिला आणि तिथल्या वस्तू लोकांना खरोखर वापरायच्या असतात. दयेपोटी घेतलेली वस्तू माणूस दुसऱ्यांदा घेत नाही.

दिवाळीच्या गर्दीत न जाता एखाद्या साध्या दिवशी मुलाला घेऊन सकाळभर तिथे बसावे. कामाचा शेवटचा हात मुले फिरवतात की शिक्षकच घाईने उरकून टाकतात, एवढे लक्षपूर्वक पाहावे.