सोळाव्या वर्षी उशीर झालाय का? व्यावसायिक सायकलपटूची पहिली वर्षं कशी असतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सोळा वर्षांचा आहे, रोज पहाटे खंडवा रोडनं सिमरोलपर्यंत सायकल मारून येतो, युरोपात व्यावसायिक व्हायचं म्हणतो. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार २१ व्या वर्षी टूर द फ्रान्स ही सायकलिंगमधली सर्वांत मोठी शर्यत जिंकला आणि आपण साधं जिल्ह्याबाहेरही गेलो नाही, म्हणून तो खचलाय. मीही इंदूरचाच, रामबागेत वाढलेला. राज्य पातळीवर काही वर्षं शर्यती केल्या, आता रविवारी मुलांना घेऊन निघतो.

उशीर अजिबात झालेला नाही. यूसीआय, म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमांत ज्युनियर गटच १७-१८ वर्षांचा, त्यापुढे २३ वर्षांखालच्यांचा. पोगाचारची २०२० च्या टूरमधली ती टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्धची शर्यत, सगळ्यांना पाठ असते: शेवटून दुसरा दिवस, ५७ सेकंदांची पिछाडी, आणि ला प्लांश दे बेल फीच्या चढावर पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिल्या असलेल्याची. पण त्याआधी तो २३ खालच्यांची टूर द लाव्हनिर खेळला आणि २०१८ मध्ये जिंकला, मोठ्या संघात आला तो २०१९ मध्ये. पायऱ्या त्यानंही चढल्या, फक्त भरभर.

मुलाला त्यापेक्षा एगान बेर्नालची गोष्ट सांगा. कोलंबियातल्या सिपाकिराचा मुलगा, सुरुवात माउंटन बाइकवर. २०१६ मध्ये एका छोट्या इटालियन संघात गेला, २०१८ मध्ये स्काय या बड्या ब्रिटिश संघात. त्या वर्षीची टूर, वय २१, आणि काम काय? डोंगरात पुढं राहून संघाचे म्होरके गेरेंट थॉमस आणि क्रिस फ्रूम यांच्यासाठी वारा कापायचा. थॉमस जिंकला. पुढच्याच वर्षी बेर्नाल स्वतः जिंकला, टूर जिंकणारा पहिला कोलंबियन. नवख्याची वर्षं बहुतेक अशीच असतात. संघाच्या गाडीकडे मागं यायचं, जर्सीत सहा-सात बाटल्या कोंबायच्या, परत पुढं जाऊन वाटायच्या. म्होरक्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. निकालाच्या यादीत नाव शंभराच्या खाली, तरी संध्याकाळी संघ खूश. वर्ल्डटूर, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या, संघात पहिल्यांदा येणाऱ्याला निदान दोन वर्षांचा करार मिळतो, तेवढ्यात हे सगळं अंगात मुरावं लागतं.

बेल्जियमच्या रेम्को एव्हनपूलनं २३ खालच्यांची मधली पायरीच गाळली. आधी फुटबॉल, २०१७ मध्ये सायकल, २०१८ मध्ये ज्युनियर विश्वविजेता, २०१९ मध्ये थेट व्यावसायिक. ताकद अफाट. २०२० च्या लोम्बार्दिया या इटलीतल्या शर्यतीत उतारावर पुलाचा कठडा ओलांडून खाली पडला, कंबरेचं हाड मोडलं, कित्येक महिने गेले. पुढं २०२२ मध्ये जगज्जेता झाला, पण उतार हा स्वतंत्र विषय आहे हे मी मुलांना त्याच्याच नावानं सांगतो.

आता तुमच्या मुलाबद्दल. चढ आपल्याकडे पुरेसे आहेत, सिमरोलच्या पुढचा घाट आहे, जानापाव आहे. नाही तो घोळका, म्हणजे खूप जणांनी चिकटून एकत्र सायकल मारणं. मी जानापाव एकट्यानं भराभर चढायचो. पहिल्या मोठ्या शर्यतीत साठेक जणांच्या शेवटी राहिलो. वळण आलं की पुढचे हळू होतात, बाहेर पडताच सुसाट सुटतात, आणि मागच्याला दर वळणाला रबर ताणल्यासारखा जोर लावावा लागतो. चढ यायच्या आतच माझे पाय संपले. पुढच्याच्या चाकामागं नीट बसलं तर सुमारे तिसरा हिस्सा ताकद वाचते, हे ऐकून माहीत होतं. पण इंचभरावर दुसऱ्याचं चाक असताना ब्रेकला हात न लावणं एकट्यानं सराव करून येत नाही. मी साठेक जणांतच संपलो; बेर्नालच्या २०१८ च्या त्या टूरला १७६ जण एकदम सुटले होते.

म्हणून लाखभराची कार्बन सायकल आत्ता घेऊ नका, हे अगदी कळकळीनं सांगतो. तो पैसा राष्ट्रीय पातळीवरच्या ज्युनियर शर्यतींच्या प्रवासाला ठेवा. निवड राज्य संघटनेकडून होते, तिथं नाव नोंदवा. बारावी सोडू देऊ नका. खंडवा रोडवर एकट्याला पाठवू नका, ट्रक फार आहेत.

आणि रविवारी पहाटे साडेपाचला त्याला सुपर कॉरिडॉरवर घेऊन या. आम्ही दहा-बाराजण असतो. हेल्मेट आणि दोन बाटल्या पुरे. पहिले चार रविवार मी त्याला पुढं येऊ देणार नाही, मधे ठेवीन.