पहिलं क्रेडिट कार्ड घेताय? मग हे वाचा

पहिलं क्रेडिट कार्ड घेताना एअरपोर्ट लाउंज, रिवॉर्ड पॉइंट वगैरेच्या नादी लागू नकोस, वर्षाची फी नसलेलं साधं कार्ड घे, आणि पगाराची स्लिप नसेल तर बँकेत एफडी ठेवून त्यावर कार्ड मिळतं ते बघ. खरी गोम आहे ती मिनिमम ड्यू मध्ये, म्हणजे बिलातली निदान एवढी तरी भरा अशी छोटी रक्कम. समज २० हजारांचं बिल आलं आणि तू फक्त हजार भरलेस, तर उरलेल्या १९ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्क्याने ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि वर नवीन जे काही घेशील त्याला पण बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे किराणा घेतलास की त्याच दिवसापासून मीटर चालू!! हे बँकवाले फोनवर सांगत नाहीत बरं का. म्हणून पूर्ण बिलाचा ऑटोपे लाव, सेट करताना 'टोटल ड्यू'च निवडलंय ना ते दोनदा बघ. एटीएममधून कार्डावर कॅश तर काढूच नको, फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून. लिमिट लाखाची असली तरी तीसेक हजारांच्या आत खर्च ठेव, सिबिल (कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर) बरा राहतो. आणि परदेशी व्यवहार ॲपमधून आधी बंद करून टाक, लागतील तेव्हा चालू करता येतात.