कृष्णविवर दिसतच नाही!

प्रश्न : 'एलिट डेंजरस' या अंतराळयान उडवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये माया या ताराप्रणालीत पोहोचलो, पण कृष्णविवराच्या जागी नुसता अंधार दिसतो. काय चुकतंय?

उत्तर : तुमची दिशा चुकतेय. कृष्णविवर स्वतः दिसत नाही, दिसतो तो मागच्या प्रकाशाचा वाकलेपणा. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे प्रणालीच्या आत वापरायच्या अतिवेगवान प्रवासाच्या मोडमध्ये, वेग अगदी कमी, 30 किमी/सेकंदापर्यंत आणा आणि कृष्णविवराभोवती फिरत कृत्तिकेचा निळा तेजोमेघ बरोबर त्याच्या मागे येऊ द्या. तेजोमेघ कडेने ताणला जातो, ते दृश्य खरोखर अप्रतिम! कृष्णविवराच्या अगदी जवळच्या वर्ज्य क्षेत्रात शिरलात तर यान झटक्याने सुपरक्रूझबाहेर फेकलं जातं. कृष्णविवरातून इंधन मिळत नाही. म्हणून 'माया ए' या निळ्या ताऱ्याजवळ फ्युएल स्कूपने (ताऱ्यातून इंधन गोळा करणाऱ्या यंत्राने) टाकी आधीच भरा. तिथे उष्णतेवर मात्र लक्ष ठेवा.