निऑन जळत नाही, तरी टेस्टरमध्ये पेटतो कसा?

निऑन हा निष्क्रिय वायू, कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही, तर मग टेस्टरमध्ये पेटतो कसा, असं तुम्ही विचारलंय. अहो, तो जळतच नाही ना. व्होल्टेज दिलं की आतले मोकळे इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर आपटतात, अणूतला इलेक्ट्रॉन उडून वरच्या पातळीवर जातो आणि खाली येताना प्रकाश टाकतो, झालं, अणू होता तस्साच. काही खर्च होत नाही, काही नवीन तयार होत नाही, म्हणून नीट सील केलेली नळी वर्षानुवर्षं चालते. त्यात ऑक्सिजन भरला असता तर त्याने आतले इलेक्ट्रोड केव्हाच खाऊन टाकले असते. म्हणजे निष्क्रिय आहे म्हणूनच तर तिथे बसवलाय.

घरातला टेस्टर जरा उघडून बघा (बोर्डात न घालता!). आत एक स्प्रिंग, एक रेझिस्टर आणि शेंगदाण्याहून बारीक काचेचा दिवा, त्यात एकमेकींजवळ उभ्या दोन काड्या (हेच इलेक्ट्रोड). मागच्या टोपीला बोट लावलं की करंट तुमच्या अंगातून जातो, पण रेझिस्टर इतका मोठा असतो की एक मिलीअ‍ॅम्पियरपेक्षाही खूप कमी, म्हणून जाणवत नाही. एवढ्याशा करंटवर फिलामेंटचा बल्ब लुकलुकणार पण नाही, निऑन मात्र छान नारिंगी दिसतो. घरच्या एसीवर दोन्ही काड्या उजळतात, डीसीवर फक्त निगेटिव्ह बाजूची. आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला लावून टेस्टर खराब आहे म्हणू नका, त्याला निदान साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून बघत असाल तर लाइन चालू असूनही तो मंद पेटेल किंवा पेटणारच नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर वायरला हात घालू नका.

आता दुकानांचे बोर्ड. खरा निऑन फक्त लाल-नारिंगी. निळ्यासाठी आर्गन (हाही निष्क्रिय वायू) आणि पाऱ्याचा थेंब, हिरव्या-पांढऱ्यासाठी काचेला आतून फॉस्फरची (चमकणारी) पावडर. फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लोदने १९१० साली पॅरिसच्या मोटार शोमध्ये निऑनच्या नळ्या लावल्या, त्याचा धंदा हवा द्रवरूप करून ऑक्सिजन विकायचा, त्यात निऑन आपोआप उरायचा. हल्ली कॅफेत 'निऑन साइन' म्हणून जे लावतात ते बहुतेक वेळा सिलिकॉनच्या पट्टीतले एलईडी, त्यात निऑनचा कण नसतो.

'कशाशीच नाही' हे मात्र सगळ्याच निष्क्रिय वायूंना लागू नाही. १९६२ साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटने झेनॉनचं संयुग करून दाखवलं. त्याने प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड या रसायनाने ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन काढला होता, मग लक्षात आलं की झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. क्रिप्टॉनचीही संयुगं झाली, पण निऑन अजून दाद देत नाही, त्याचं एकही स्थिर संयुग हाती नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. हवेत आर्गन ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपट, बहुतेक सगळा खडकांतल्या पोटॅशियमच्या किरणोत्सारातून आलेला. स्वस्त आहे म्हणून वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलला सर्रास 'आर्गन वेल्डिंग' करतात. निऑन दहा लाखात १८ भाग, त्यामुळे तो काढायला प्रचंड हवा गाळावी लागते, ते परवडतं मोठ्या स्टील प्लांटच्या ऑक्सिजन युनिटला जोडूनच. कॉम्प्युटर चिप बनवायच्या लेझरमध्ये निऑन लागतो आणि त्याच्या शुद्धीकरणाचा मोठा वाटा युक्रेनमध्ये मारियुपोल आणि ओडेसाला होता, २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर चिपवाल्यांची धावपळ झाली ती त्यामुळे.

फुग्यात निऑन भरला तर? उडेल की, हवेपेक्षा हलका आहे. पण उचल हेलियमच्या जेमतेम एक तृतीयांश आणि किंमत कैकपट, कोण भरणार!

आणि काही जण म्हणतात की हेलियम इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने विजयदुर्गावरून शोधला. तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो हे खरं, पण १८६८ च्या त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्येच होता, गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन. लॉकयरने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच इंग्लंडमधून स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग वेगळे करणारं यंत्र) लावून सूर्याच्या प्रकाशात हेलियमची ती पिवळी रेष पाहिली, आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला, १८९५ मध्ये, युरेनियमच्या खनिजातून.