बेकर स्ट्रीटवर तू की तुम्ही?

प्रिय पोरी,

तुझी शेरलॉक होम्सची कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा मनात वाचली तेव्हा आवडली. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचायला घेतली आणि चौथ्या पानावर जीभ अडखळली, म्हणून हे पत्र.

प्रसंग तू फार चांगला हेरलास. १८९१ साली राइशेनबाखच्या धबधब्यात होम्स गेला असं वॉटसन धरून चालतो आणि १८९४च्या वसंतात तो त्याच्या पुढ्यात उभा राहतो. मूळ कथेत वॉटसनला भोवळ येते, तो सावरतो, आणि रात्री दोघं होम्सच्या जिवावर उठलेल्या कर्नल मोरानच्या पाळतीवर निघतातसुद्धा. तीन वर्षं मित्राला मेलेला समजून जगलेल्या माणसाला मूळ लेखकानं, कॉनन डॉयलनं, रागवायलाही सवड दिली नाही. ती राहून गेलेली जागा तुला दिसली. फॅन फिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर आपली कथा, लिहिणाऱ्याकडे अशी नजर असावी लागते आणि ती तुझ्याकडे आहे. मोरानला पोलीस घेऊन गेलेत, बेकर स्ट्रीटच्या खोलीत दोघंच उरलेत. आता हे बोलणार काय? तुझ्या कथेत ते असं बोलतात:

"तू मला तीन वर्षं अंधारात ठेवलंस, होम्स! माझ्या भावनांची तुला काही कल्पना तरी आहे का? मी किती एकटा पडलो होतो!"

"मला माफ कर, माझ्या प्रिय वॉटसन. मला भीती वाटते की माझ्याकडे दुसरा पर्याय नव्हता."

होम्सचं वाक्य आधी घेऊ, ते सोपं आहे. त्याला इथे कसलीही भीती वाटत नाहीये. इंग्रजीतली ती बोलायची एक लकब आहे, आपण अशा वेळी "इलाज नव्हता" म्हणतो आणि गप्प बसतो. आणि "माझ्या प्रिय" हे आपण पत्राच्या मायन्यात लिहितो, मी वर लिहिलंय तसं. समोर बसलेल्या मित्राला कुणी तोंडानं म्हणत नाही. आणखी दोन ठिकाणी वॉटसन "तुझा अर्थ काय आहे?" असं विचारतो. तिथे "म्हणजे?" एवढंच हवं.

वॉटसनचं वाक्य अवघड आहे, कारण त्यात खोटं काहीच नाही. त्याला नेमकं हेच वाटत असणार, म्हणून तर तो हे असं बोलणार नाही. हा माणूस लष्करात डॉक्टर होता, जखमी होऊन परतलेला. "मी एकटा पडलो" हे शब्द त्याच्या तोंडून निघायचे नाहीत. होम्सही तसाच. त्या तीन वर्षांत वॉटसनच्या घरीही दुःख कोसळलंय आणि होम्सला ते कुठून तरी कळलंय. मूळ कथेत वॉटसन सांगतो की होम्सची सहानुभूती शब्दांपेक्षा त्याच्या वागण्यात दिसली. मग त्यांना बोलायला दुसरं काहीतरी दे. खोलीबद्दल बोलू देत. त्या कथेत एक गोष्ट अशी आहे की तिच्याशिवाय मला हा प्रसंग सुचलाच नसता. होम्स जिवंत आहे हे त्यानं एकट्या मायक्रॉफ्टला, आपल्या मोठ्या भावाला, कळवलं होतं, कारण होम्सला पैसे लागत होते. बेकर स्ट्रीटची खोली जशीच्या तशी राखली गेली तीही मायक्रॉफ्टमुळे. मी असं करून पाहिलं:

होम्स मोरानच्या बंदुकीतली ती चपटी झालेली गोळी बोटांत फिरवत होता.

"खोली होती तशीच आहे," वॉटसन म्हणाला.

"मायक्रॉफ्टनं लक्ष ठेवलं. झाडलोट मिसेस हडसनची."

"मायक्रॉफ्टनं."

"पैसे लागत होते, वॉटसन. कुणाला तरी सांगणं भाग होतं."

"हो," वॉटसन म्हणाला. "कुणाला तरी."

राग कुठेही उच्चारलेला नाही, पण तो आहे, आणि होम्सला तो ऐकू आलाय. तू हे तुझ्या पद्धतीनं लिही, माझं उचलू नकोस. फक्त एवढं बघ की प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून येतंय. तुझ्या पानावर दोघं आळीपाळीनं भाषण करतात, एकमेकांचं ऐकत नाहीत. आणि "उद्गारला", "उत्तरला", "गरजला" हे सगळं काढ. "म्हणाला" पुरतं. कोण बोलतंय ते कळत असेल तर तेही नको.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात लिहायला बसले ती. तुझे होम्स आणि वॉटसन पहिल्या ओळीपासून एकमेकांना तू म्हणतात. ते तू ठरवून केलंस की आपोआप आलं? डॉयलला हा प्रश्न कधी पडला नाही, त्याच्या भाषेत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत मात्र तोंड उघडलं की नातं ठरतं. सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत दोघांची ओळख करून दिली जाते, तेव्हा होम्स लगेच वॉटसनच्या अफगाणिस्तानचा उल्लेख करतो. ते वाक्य मराठीत "अफगाणिस्तानात होतात वाटतं" असंच येईल, तुम्ही धरून. मग कुठल्या तरी दिवशी त्याचं तू झालं असणार. कधी? कुणी आधी म्हटलं? दोघं शेवटपर्यंत एकमेकांना आडनावानंच हाक मारतात, त्या काळच्या त्या वर्गातल्या मित्रांची रीतच ती. पण "वॉटसन, तू" आणि "वॉटसन, तुम्ही" यांत काही वर्षांचं अंतर आहे आणि ते फक्त मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

माझ्या आत्याची एक मैत्रीण होती. चाळीस वर्षं अगंतुगं. एकदा पैशांवरून काहीतरी झालं, मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा आत्या दार उघडून म्हणाली, "या. बसा. चहा घेणार?" ती बाई छत्री मिटायचं विसरून उंबऱ्यातच उभी राहिली. पाणी तिच्या साडीवर ठिबकत होतं. भांडण मी विसरले, "बसा" विसरले नाही. तुझ्या कथेत तीन वर्षांचा घाव आहे आणि तुझ्या भाषेत हे हत्यार आहे.

मायक्रॉफ्ट आणि शेरलॉकचा तो खिडकीतला प्रसंग पुन्हा वाच, १८९३च्या कथेतला. दोघं भाऊ रस्त्यावरच्या एका माणसाकडे बघत एकेक तुकडा बोलतात. जुना सैनिक. हिंदुस्थानात होता. बायको वारलेली. शेरलॉक म्हणतो, एक मूल आहे. मायक्रॉफ्ट त्याला दुरुस्त करतो की एक नाही, जास्त आहेत, कारण माणसाजवळ खुळखुळा आहे आणि काखेत चित्रांचं पुस्तकही. तिथे तो धाकट्या भावाला लाडानं जे म्हणतो ते मराठीत कसं आणशील? मी "मुलं रे, मुलं" असं करीन. सात वर्षांचं मोठेपण त्या "रे"मध्ये बसतं. रे, गं, ना, की, बरं, हं, तर, हे शब्द तू जवळजवळ वापरतच नाहीस. बोलणं त्यांच्यावरच चालतं. "मला तसं वाटत नाही" आणि "मला नाही तसं वाटत बरं का" ही दोन वेगळी माणसं आहेत.

बाकीचे थोडक्यात. पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडचं "मिस्टर होम्स, तुम्ही" ठीक आहे. विगिन्स या रस्त्यावरच्या पोराला तू वऱ्हाडी बोलायला लावलंस, ते मला पटलं नाही. तो लंडनचा आहे, वऱ्हाडी ऐकताच वाचक थेट अकोल्याला पोहोचतो. त्याची वाक्यं तोड, "साहेब" म्हणू दे, घाईत बोलू दे. आणि "सोपं आहे, माझ्या प्रिय वॉटसन" ही ओळ तीनदा आलीय, ती तिन्ही ठिकाणी काढ. या रूपात ती डॉयलच्या एकाही कथेत नाही. नुसतं "सोपं आहे" आहे, आणि तेही वॉटसननं "वा!" म्हटल्यावर सहज आलेलं.

मग चौथं पान पुन्हा लिही. त्या रात्री वॉटसन एकदा तरी "तुम्ही" म्हणेल का, हे आधी ठरव. म्हणाला तर कुठल्या वाक्यात, आणि ते ऐकून होम्स हातातल्या गोळीचं काय करतो, ते मला वाचायचंय. रविवारी मी घरीच आहे, घेऊन ये. मोठ्यानं तू वाच, मी ऐकते.

तुझी,
काकू